अडलेल्या प्रवाशाचे भाडे

एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी निरनिराळे भाडे मोजलेले असते, याचे आता कोणास नवल वाटत नाही. महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्यास ते स्वस्तात मिळते. उद्याच निघावयाचे असलेल्यास त्याच आसनासाठी कित्येकदा दुप्पट-तिप्पट रक्कम मोजावी लागते. हा भेद मुळातच अन्यायाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

विमानातील आसन हा नाशवंत माल आहे. विमान उडाले की रिकाम्या आसनाचे मोल शून्य. १९७७ साली 'अमेरिकन एअरलाइन्स'ने आगाऊ तिकीट काढणाऱ्यांस मोठी सवलत दिली, पण परगावी काही दिवस मुक्काम करण्याची अट घातली. पुढे अनेक कंपन्यांनी शनिवारची रात्र परगावी काढण्याची अट लावली. कामासाठी निघालेला व्यापारी शनिवारी घरी परतू पाहतो. सहलीस गेलेले कुटुंब आनंदाने राहते. एवढ्या अटीने दोघे वेगळे निवडले गेले. व्यापाऱ्याचे चढे भाडे बहुधा त्याची पेढी भरते, आणि त्या भाड्याच्या आधारावरच कुटुंबाचे तिकीट स्वस्त होते. आपल्याकडेही १९९४ नंतर भाडे ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, आणि २००३ पासून स्वस्त विमानसेवेमुळे मध्यमवर्ग विमानात बसू लागला. हा लाभ आम्ही नाकारीत नाही.

परंतु या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे: उशिरा येणारा तो सधन. ते खरे आहे काय? वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप मध्यरात्री आलेला कारकून, मुलाखतीचे पत्र आयत्या वेळी हाती पडलेला तरुण, हेही उशिराच येतात. यंत्राला घाई दिसते, घाईचे कारण दिसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा भाडी इतकी कडाडली की केंद्र सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरपलीकडे १८,००० रुपये. करोनाच्या काळातही मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत भाड्यावर मर्यादा होत्याच. म्हणजे अधिकार आहे. तो आग लागल्यावरच का आठवावा?

प्रत्येक तिकिटाचा भाव दिल्लीने ठरवावा, अशी आमची मागणी नाही. तसे झाल्यास स्वस्त तिकिटेच आधी नाहीशी होतील. आमचे म्हणणे इतकेच की, साध्या वर्गातील अखेरच्या क्षणीच्या भाड्यास अंतरानुसार कायमची, आधीच जाहीर केलेली कमाल मर्यादा असावी. आणि निकटच्या आप्ताच्या मृत्यूप्रसंगी, परदेशांतील काही कंपन्या देतात तशी सवलत येथील प्रत्येक कंपनीने द्यावी. व्यापाऱ्याच्या घाईचे मोल कंपन्यांनी खुशाल घ्यावे. मात्र अंत्यदर्शनासाठी निघालेल्या मुलाकडून तेच मोल वसूल करणे हा व्यापार नव्हे, अडवणूक आहे. आणि ती थांबविणे हे सरकारचे कर्तव्य आहे.