स्टेंट कुठला, यापेक्षा कसा?

अँजिओप्लास्टीची वेळ आली की जळगाव-धुळ्यातल्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, स्टेंट इम्पोर्टेडच टाकताय ना?" प्रश्न काळजीपोटीच असतो, पण रुग्णाचे पुढे काय होणार हे स्टेंटच्या देशावर नव्हे, त्याच्या घडणीवर ठरते.

स्टेंट म्हणजे बारीक तारांची जाळीदार नळी. साध्या धातूच्या स्टेंटनंतर 20 ते 30 टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद व्हायची. औषधाचा लेप आल्यावर हे प्रमाण खूप घटले. पण लेप असलेल्या पहिल्या सायफर स्टेंटची तार 140 मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या जवळपास दुप्पट होती. जाड तारेपाशी रक्त घोटाळते, तिच्यावर अस्तर चढायला वेळ लागतो आणि गुठळीची भीती वाढते. पुढे कोबाल्ट-क्रोमियमच्या झायन्स स्टेंटमध्ये ती 81 मायक्रॉनवर आली.

नुसती तार बारीक असून भागत नाही. भारतातल्या 1,830 मधुमेही रुग्णांवरील टक्सेडो चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. तिच्यात तुलना झालेल्या टॅक्सस आणि झायन्स या दोन्ही स्टेंटच्या तारा बारीकच होत्या, औषध आणि लेप मात्र वेगळे. वर्षभरात टॅक्सस गटात 2.1 टक्के रुग्णांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली, झायन्स गटात 0.4 टक्के.

विरघळणाऱ्या ॲब्सॉर्ब स्टेंटचा मोठा गाजावाजा झाला होता. त्याची जाळी दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड होती, गुठळ्याही जास्त आढळल्या. 2017 मध्ये कंपनीने विक्री थांबवली. तोही इम्पोर्टेडच होता.

याउलट भुसावळहून रेल्वेने थेट गाठता येणाऱ्या सुरतेतल्या कंपनीचा सुप्राफ्लेक्स पाहा. तार 60 मायक्रॉन. युरोपातल्या 1,435 रुग्णांवरील टॅलेंट चाचणीत, 2019 मध्ये, तो वर्षअखेरीस झायन्सपेक्षा कमी पडला नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने लेपवाल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली आणि बिलावर स्टेंटचे नाव, कंपनी, बॅच नंबर लिहिणे बंधनकारक केले. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत रुग्णाला पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून बिलही तो पाहत नाही. तेव्हा हा तपशील डिस्चार्ज कार्डावर सक्तीने नोंदवला गेला पाहिजे.

नातेवाइकांनीही घरी निघण्याआधी तो मागून घ्यावा. आणि स्टेंट कितीही चांगला असला, तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.