मुंबईची खोली आणि नाशिकचं अंगण



कैऱ्या बाजारात आल्या की माझ्या टेबलावर लोणच्याच्या पत्रांचा ढीग पडतो. खार किती, मोहरी किती, तेल कोमट घालायचं की गार! त्या ढिगातच या वेळी एक जाड पाकीट निघालं. लिहिणाऱ्या भगिनी आपल्या नाशिकच्याच, सिडकोतल्या. लेक शिकलेली, नोकरी करणारी. तिने स्वतःच मुलगा पसंत केलाय. मुलगा बँकेत, निर्व्यसनी, माणसं चांगली. पण घर? लालबागच्या चाळीत दहा बाय सोळाची एक खोली, त्यात सासू-सासऱ्यांसह चार माणसं, आणि संडास मजल्याच्या टोकाला. ताई लिहितात, "आमच्या दारात तुळस आहे, झोपाळा आहे. पोरीला मी काय बघून तिथे पाठवू? पंधरा दिवस झाले, आम्ही मायलेकी एकमेकींशी बोलत नाही."

ताई, कैऱ्या चार दिवस थांबतील. आधी तुमचं बोलू.

मुंबई एवढी दाटीची का झाली, ते माहीत असलं की त्या खोलीचा राग जरा कमी होतो. मुळात ती सात बेटं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. कोळ्यांची वस्ती, मधे खाजण. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि हे बंदर लग्नाच्या करारात गेलं. म्हणजे बघा, मुंबईचा व्यवहारसुद्धा एका लेकीच्या लग्नातच झालेला! राजाने 1668 मध्ये ते वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. पुढे बांध घालून, भर टाकून बेटं जोडली. तरी जागा ती किती? तीन बाजूंनी समुद्र. आपलं नाशिक गंगापूर रोडला पसरतं, पाथर्डी फाट्याला पसरतं, तशी सोय तिथे नाही. शहर वाढणार ते उत्तरेला नाहीतर आकाशाकडे.

2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाखांवर होती, आणि जागा साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे वीस हजारांहून जास्त माणसं. त्याच जनगणनेत आपलं नाशिक शहर पंधरा लाखांच्या जरा आत होतं, आणि दाटी मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नव्हती.

आता ती खोली. 1850 च्या दशकात कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या, त्याच सुमाराला, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. नंतर गोद्या बांधल्या गेल्या, प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक. कोकणातून, घाटावरून, आपल्याकडूनही माणसं पोटासाठी गेली. बहुतेक पुरुष एकटेच. बायकामुलं गावी. खाणावळीत जेवायचं, पाळी संपली की खोलीवर येऊन पडायचं. एकाची पाळी संपली की दुसरा त्याच जागेवर पथारी टाकायचा. चाळ बांधली गेली ती अशा झोपण्यासाठी. संसारासाठी ती बांधलीच नव्हती! 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा या दाटीने किती जीव घेतले ते सरकारला दिसलं, सुधारणेसाठी ट्रस्ट आला, 1920 च्या दशकात वरळी, नायगावकडे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. पण खोली तेवढीच राहिली, 160 चौरस फूट. त्या खोलीचा संसार केला तो मागाहून आलेल्या बायकांनी. पोटमाळा काढला, मोरीला पडदा लावला, कॉटखाली धान्याचे डबे सरकवले. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही.

आमची आक्का 1976 साली गिरगावात दिली. वडील आधी घर बघून आले आणि आईला म्हणाले, "घर प्रशस्त आहे." आई बिचारी विश्वास ठेवून बसली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या वेळी आक्काला नाशिकला येणं जमेना म्हणून आईच गेली. तीन जिने चढून दार उघडलं तर समोर सगळंच घर दिसलं! आई काही बोलली नाही. रात्रभर गॅलरीत बसून राहिली. पहाटे चारला पाण्याच्या हंड्यांचा आवाज सुरू झाला, तेव्हा आक्काच्या हातातली कळशी तिने घेतली आणि रांगेत उभी राहिली. वडिलांशी पुढे ती दोन महिने धड बोलली नव्हती.

पुढचंही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आक्काला टायफॉइड झाला तेव्हा अठरा दिवस तिच्या घरची चूल शेजारणींनी पेटवली. मुलांच्या शाळेचे डबे आळीपाळीने भरले. आपल्याकडे बंगल्यांच्या ओळीत असं होईल का, मला शंकाच आहे. पण आक्का मला एकदा म्हणाली होती, "बाई, सगळं मिळालं, रडायला तेवढा कोपरा मिळाला नाही." रडू आलं की ती भाजीच्या निमित्ताने चौपाटीवर जायची. तेव्हा ताई, चाळीचं कौतुक करणाऱ्यांचं ऐका, पण त्यातल्या किती जणी अजून तिथे राहतात तेही विचारा.

आणि एक गंमत. तुमची लेक तिकडे जाईल तर पाणी मात्र माहेरचंच पिईल. वैतरणा आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, आणि अप्पर वैतरणा धरण आपल्याच नाशिक जिल्ह्यात. त्यातलं पाणी मैलोन्‌मैल वाहून मुंबईच्या नळाला येतं. तानसा, भातसा, मोडकसागर असे बाकीचे तलाव मिळून त्या शहराला रोज पावणेचारशे कोटी लिटरहून जास्त पाणी लागतं. गंमत म्हटलं खरं, पण इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालतात, तेव्हा ती गंमत राहत नाही. पाण्याबरोबर आपली भाजी जाते वाशीला, द्राक्षं-कांदा न्हावा शेवाच्या बंदरात. मुंबईचं जुनं बंदर अपुरं पडू लागलं म्हणून खाडीपलीकडचं हे बंदर 1989 मध्ये सुरू झालं. निफाडची द्राक्षं तिथूनच परदेशी जातात. एवढं सगळं आपण देतो, आणि मुलगी द्यायची म्हटली की हात आखडतो!

मुंबईतल्या बाईला काही गोष्टी मिळतात त्या मात्र आपल्याकडे अजून हव्या तशा नाहीत. रात्री दहाला एकटी बाई लोकलच्या बायकांच्या डब्यात निर्धास्त बसते, पालक निवडते, वाटाणे सोलते. 1992 पासून तर चर्चगेट-बोरिवली सबंध गाडीच बायकांची झाली. लिज्जत पापडाचा उद्योग 1959 मध्ये गिरगावच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केला, तोही असल्याच दाटीत. नोकरी करणाऱ्या तुमच्या लेकीला हे दिसत असणार. तुम्हाला खोली दिसतेय, तिला शहर.

तरी डोळे मिटून हो म्हणू नका. मुलाच्या पगारापेक्षा घराची चौकशी जास्त करा. खोली पागडीची आहे का? पागडी म्हणजे मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क. तो कुणाच्या नावावर आहे? चाळीचा पुनर्विकास होणार असं सगळेच सांगतात. करार नोंदवलेला आहे का, बिल्डर पर्यायी जागेचं भाडं देणार का, ते कागद बघून विचारा. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, हे खरं. पण संक्रमण शिबिरात ज्यांची पंधरा-पंधरा वर्षं गेली तेही खरंच. नळाला पाणी किती वाजता येतं, पावसात खाली पाणी साचतं का, हे शेजारणीला विचारा, यजमानांना नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून तळमजल्याचं नाव काढलं की मी कान टवकारते.

आणि सर्वांत नाजूक प्रश्न, रात्री कोण कुठे झोपणार. हा प्रश्न लग्नाआधी विचारायला आपल्याला लाज वाटते. माझ्या आईलाही वाटली होती. तुम्ही लाजू नका. नाहीतर लेकीला सांगा, तिने मुलाला विचारावा. ते दोघं वर्षभर बदलापूर-अंबरनाथकडे छोटं भाड्याचं घर घेतील का? प्रवासात दोन-दोन तास जातील, पण दार लावून घेता येईल. नव्या नवरीला त्याची किंमत फार असते हो.

ताई, असं करा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळीच घरं गोड दिसतात. मधल्या वारी पंचवटी एक्सप्रेसने लेकीला घेऊनच निघा, दादरला उतरा, आणि जमलं तर रात्र तिथेच काढा. नाशिकचा चिवडा घ्या, शेजारच्या खोल्यांनाही द्या. पहाटे पाण्याला उठावं लागलं तर उठा. गाडीत तीन-साडेतीन तास मायलेकी शेजारी बसाल, तेवढ्यात अबोला सुटेल.

काय ठरलं ते मात्र कळवा. लोणच्याचं प्रमाण पुढच्या अंकात.

— तुमची ताई, नाशिक