फावड्याचा दिवस

फ्रान्सचा वसंत बघायला पाहुणे येतात ते मे महिन्यात. तोवर गुलाब फुललेले असतात, कॅफेवाल्यांनी खुर्च्या रस्त्यावर मांडलेल्या असतात, फोटोसाठी सगळी तयारी झालेली असते. माझं मत विचाराल तर तेव्हा वसंतातली गंमत संपत आलेली असते. ती खरी फेब्रुवारीत. डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नसतं आणि तरी पावाच्या दुकानातल्या रांगेत माणसं एकमेकांना पुरावे देत असतात. कुणाच्या कुंपणापाशी स्नोड्रॉप उमललेत, कुणाच्या कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्यात, कुणाला काल पिवळं फुलपाखरू दिसलं. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, ‘अजून थंडी येणार आहे.’ विश्वास कुणाचाच नसतो, पण बातमी प्रत्येकाला हवी असते.

मी राहते ते नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्यातलं खेडं. 45 अंश अक्षांशाच्या जवळ, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांचा असतो आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. दोन तासांच्या त्या फरकाकडे तिथे कोण लक्ष देतं? इथे डिसेंबरात पावणेनऊ तासांचा दिवस आणि जूनमध्ये साडेपंधरा. त्यात फ्रान्सचं घड्याळ बर्लिनचं आणि आमच्या गावावरचा सूर्य लंडनचा, त्यामुळे डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेले तरी दिवे लावून चहा करायचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून दिवस रोज तीन मिनिटांनी वाढतो. तीन मिनिटं ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण आठवड्याला वीस होतात. एका सोमवारी संध्याकाळची भांडी दिव्याखाली घासलेली असतात आणि पुढच्या सोमवारी खिडकीतून अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसत असतं.

घरात मात्र हिवाळा हलत नाही. इथली जुनी घरं दगडी, भिंती दीड-दोन फूट जाड. ऑगस्टमध्ये त्या गारवा धरतात याचं कौतुक सगळे करतात. त्याच भिंती मार्चमध्ये जानेवारी धरून बसतात, हे घर विकणारा सांगत नाही. म्हणून वसंत लागल्याची माझी खात्रीची खूण अशी, की दुपारी बाहेर जाताना स्वेटर काढायचा आणि घरात शिरताना घालायचा.

2 फेब्रुवारीला शांदलर, म्हणजे नाताळ धरून चाळिसावा दिवस. त्या दिवशी घरोघरी क्रेप होतात. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने तवा उडवून क्रेप उलटवायची, जमिनीवर पडली नाही तर वर्षभर पैसा टिकतो. वसंत पंचमीही याच सुमारास येते, आणि दोन्हीकडे बाहेर बघून कुणाला वसंत आलाय असं वाटणार नाही.

पण या दिवसांचं सगळ्यात नेमकं पंचांग फ्रान्सने केलं आणि टाकून दिलं. राज्यक्रांतीनंतर 1793 मध्ये नवं कॅलेंडर आलं. महिन्यांना नावं दिली फाब्र देग्लांतीन या कवी-नाटककाराने, आणि दिवसांची नावं ठरवायला पॅरिसच्या वनस्पती उद्यानातले आंद्रे तुअँ हे माळी त्याच्या मदतीला होते. संतांची नावं काढून टाकली. त्यांच्या जागी बहुतेक दिवसांना एकेक वनस्पती दिली, पण दर दहा दिवसांतल्या पाचव्याला एक प्राणी आणि दहाव्याला एक अवजार. माळ्याचा हात त्यात स्पष्ट दिसतो. आजच्या तारखांत सांगायचं तर 29 जानेवारी हा कुऱ्हाडीचा दिवस, कारण तोवर लाकूडतोड चालू असते. 8 फेब्रुवारी छाटणीच्या कोयत्याचा. 18 फेब्रुवारी बर्फावरच्या घसरगाडीचा. आणि मग, दहाच दिवसांनी, 28 फेब्रुवारीला फावडं. 10 मार्चला वाफे सरळ आखायची दोरी, 20 मार्चला रोपं लावायला भोकं पाडायची खुंटी, 9 एप्रिलला मधमाश्यांची पेटी, 19 एप्रिलला कलमाचा चाकू. घसरगाडी ठेवून फावडं उचलायचं, एवढ्यात सगळा ऋतुबदल आला. नेपोलियनने हे कॅलेंडर 1 जानेवारी 1806 पासून बंद केलं. फाब्रला ते बघायला मिळालं नाही. 5 एप्रिल 1794 रोजी क्रांतीतला पुढारी दांतों याच्याबरोबर त्याचंही डोकं गिलोटिनखाली गेलं. त्याच्याच कॅलेंडरात तो अंकुरांच्या महिन्यातला दिवस होता, लेट्यूसच्या नावाचा.

आमच्या गावात या कॅलेंडरची आठवण कुणाला नाही, पण पाळतात सगळे. शेजारी ऐंशीच्या घरातले एक निवृत्त शेतकरी राहतात. इतकी वर्षं शेजार, तरी आमचं अजून अहोजाहोच आहे. फेब्रुवारीच्या शेवटी ते फावडं काढतात, पातं दगडावर घासतात, परसात जाऊन एक ढेकूळ उचलतात आणि मुठीत दाबतात. चिकटून राहिलं तर फावडं परत भिंतीला. मोकळं झालं तर कामाला सुरुवात. दोन खुंट्यांना बांधलेली त्यांची दोरी वडिलांच्या वेळची आहे. मी एकदा दोरीशिवाय मुळ्याचं बी टाकलं, तर कुंपणापलीकडून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘मादाम, तुमच्याकडे मुळे वाकडेच पेरतात का?’

मग एक दिवस क्रौंच जातात. आधी आवाज येतो, दिसत काही नाही. मैलभरावरून, ढगांच्या वरून, शेकडो कर्णे एकदम वाजवल्यासारखा खरबरीत कल्ला. माणसं जिथे असतील तिथे थांबून वर बघतात. टपालाची पिवळी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबते, पोस्टमन खाली उतरतो, मागच्या गाडीतला हॉर्न वाजवत नाही, तोही उतरतो. फ्रान्सच्या नकाशावर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा एक तिरपा पट्टा आहे, त्यातून हे पक्षी येतात-जातात आणि आमचं गाव नेमकं त्याच्याखाली. स्पेनमध्ये आणि फ्रान्सच्या लांद भागात थंडी काढून लाखांनी क्रौंच जर्मनी, पोलंड, स्कँडिनेव्हियाकडे परततात. वाटेत शांपान्य भागातल्या देर तलावावर त्यांचा मोठा मुक्काम पडतो. हा तलाव म्हणजे पॅरिसला मार्न नदीच्या पुरापासून वाचवायला बांधलेलं धरण, 1974 मध्ये पुरं झालं. त्यात तीन गावं गेली. आपल्याकडच्या वाचकाला या वाक्याची टीप द्यायला नको. क्रौंचांची मात्र सोय झाली. त्यांचे दूरचे भाऊबंद हिवाळ्यात कच्छपर्यंत येतात, तेव्हा आपल्याकडच्या पक्षीवेड्यांना हा आवाज ओळखीचा असेल. पहिल्या वर्षी मी उत्साहाने शेजाऱ्यांना म्हटलं, ‘गेले! आता थंडी गेली ना?’ ते म्हणाले, ‘ते तिकडे जाऊन गारठतील. तुम्ही टोपी घाला.’

बाजारात याच सुमारास मिमोसाचे पिवळेधमक गुच्छ येतात. ते इथले नव्हेत, दक्षिणेकडे भूमध्य समुद्राच्या काठी तानरोंच्या डोंगरांवरून येतात. तिथेही ते परकेच, मूळचे ऑस्ट्रेलियातले. बाभळीच्याच कुळातलं झाड. फुलाकडे नीट पाहिलं की कुणाही महाराष्ट्रीय माणसाला ते कळतं, तोच पिवळा गोंडा. आपल्याकडे बाभळीच्या फुलाला कोण विचारतं? इथे त्याचा गुच्छ कागदात गुंडाळून पैसे मोजून घरी न्यायचा. मी दरवर्षी घेते, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर पिवळी भुकटी पडते ती पुसत बसते.

फुकटचा वसंत कुरणात मिळतो. डँडेलियनची कोवळी पानं कळी धरायच्या आत काढायची. एकदा फूल आलं की कडूजहर. बायका चाकू आणि टोपली घेऊन वाकलेल्या दिसतात. इथली रीत म्हणजे पानांवर परतलेल्या बेकनचे तुकडे, वर अर्धकच्चं अंडं आणि पेरिगोरचं, म्हणजे आमच्याच भागातलं, अक्रोडाचं तेल. मी बेकन वगळते, आणि पानं जास्त झाली की डाळीचं पीठ पेरून परतते. हरभऱ्याचं पीठ इथल्या दुकानात सहज मिळतं, नीसमध्ये त्याचे जाड घावनासारखे सोका करतात. शेजाऱ्यांच्या पत्नीने माझी ही भाजी चाखली आणि पाककृती लिहून घेतली. केली की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मार्चमध्ये बेर्जराककडच्या मळ्यांत गेलं की द्राक्षवेली रडताना दिसतात. हिवाळ्यात छाटलेल्या फांद्यांच्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळत असतं. जमिनीचं तापमान दहा अंशांच्या आसपास गेलं की मुळं जागी होतात आणि रस वर ढकलतात, त्याला अजून पान नसतं म्हणून तो जखमेतून बाहेर येतो. याच दिवसांत नाशिकला द्राक्षांची काढणी चाललेली असते. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी. आपली थंडी वेलीला झोपवायला पुरत नाही, कात्रीनेच तिला ऋतू शिकवावा लागतो. इथे ते काम हिवाळा फुकट करतो. आणि मग एखाद्या एप्रिलमध्ये त्याची वसुली करतो.

2021 मध्ये ती केली. मार्चअखेर पारा पंचविशीच्या पुढे गेला, वेली, जर्दाळू, चेरी सगळ्यांनी विश्वास ठेवून कोंब बाहेर काढले. त्यानंतर 5 ते 8 एप्रिलच्या रात्री पारा शून्याखाली कितीतरी उतरला. शेतकऱ्यांनी ओळींमधून हजारो मेणाचे डबे पेटवले, कुणी हेलिकॉप्टर उडवून वरची ऊबदार हवा खाली ढकलली. कुणी उलट झाडांवर पाणीच फवारलं, कारण गोठताना पाणी उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचात कळी वाचते. तरी अनेक भागांत पिकाचं मोठं नुकसान झालं. कृषिमंत्र्यांनी या शतकातली बहुधा सर्वांत मोठी शेती-आपत्ती असं त्याचं वर्णन केलं. कडाक्याच्या थंडीत निफाडचे बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्यांना ही रात्र समजावून सांगायला नको. हवामानतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नंतर हिशेब मांडला, की पृथ्वी तापल्यामुळे अशा वाढीच्या काळातल्या हिमदंशाची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढली आहे. वसंत जितका लवकर, तितका उशिराच्या थंडीचा घाव खोल. तेव्हा रांगेतली ती ‘अजून थंडी येणार आहे’ची पालुपदं मला आता नुसती किरकिर वाटत नाहीत. एप्रिलमध्ये अंगावरचा एक धागाही काढू नये, अशी इथली म्हण आहे. 11, 12 आणि 13 मे हे ‘बर्फाच्या संतांचे’ दिवस उलटल्याशिवाय आमच्या शेजारी टोमॅटोचं रोप कुणी जमिनीत लावत नाही. मी ही गोष्ट मुंबईच्या भावाला सांगितली, तेव्हा त्याच्याकडे आंबे उतरणीला लागले होते.

सरकारचा वसंत निराळा. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात फ्रान्समध्ये भाडं थकलेल्या कुटुंबाला घराबाहेर काढता येत नाही. 1954 च्या भयंकर थंडीत माणसं रस्त्यावर गारठून मेली, आबे पिएर या धर्मगुरूने रेडिओवरून देशाला हाक दिली आणि पुढे 1956 मध्ये हिवाळ्यातल्या या अभयाचा कायदा झाला. कायदा चांगला आहे. फक्त त्याचा अर्थ असाही होतो, की प्रिमरोज फुलल्याचा आनंद करत असताना कुणीतरी कॅलेंडरवर 1 एप्रिलकडे बघत असतं. त्याआधी, मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात. ही पद्धत 1976 मध्ये तेलटंचाईनंतर आली. युरोपीय संसदेने 2019 मध्ये ती बंद करण्याच्या बाजूने मतदान केलं, तरी ती चालूच आहे. शेजाऱ्यांचं म्हणणं, कोंबड्यांना हे कळवायला पॅरिसहून कुणीतरी यावं.

आणि पानं फुटेस्तोवर एक काम उरकायचं असतं: लाकडांची मागणी नोंदवायची. ओकचं ओलं लाकूड वाळायला दीड ते दोन वर्षं लागतात. म्हणजे या एप्रिलमध्ये अंगणात पडणारी गाडी येत्या हिवाळ्याची नसतेच, त्याच्या पुढच्याची असते. वाळलेलं लाकूड ऑक्टोबरात मागायला गेलं की महागही पडतं आणि वेळेवर मिळत नाही. मी फोन केला आहे, इस्टरनंतर गाडी येईल.