काटा फुल, टीव्ही गुल

"मीटर नाही आणलं त्याने. टीव्ही गच्चीवर आणा म्हणतो. असला कसला रे मेकॅनिक?"

शिर्डीहून मामांचा फोन. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना मजुरांनी फ्री डिशची छत्री हलवली आणि आजीचा टीव्ही बंद पडला. छत्री लावायला एक पोरगा आला होता. त्याला मामांनी व्हिजिटचे पैसेही न देता परत पाठवलं. आणि मी, बी.ई. (इलेक्ट्रॉनिक्स), पोटापुरता सॉफ्टवेअरवाला, फोनवर काय म्हणालो? "बरोबर केलंत मामा. मीटरशिवाय छत्री लागते होय? मी येतो शनिवारी, मीटर घेऊनच येतो."

तर मंडळी, ही त्या शनिवारची गोष्ट.

पाचेकशे रुपयांचं सॅटफाइंडर ऑनलाइन मागवलं. एक काटा, एक गोल बटण, आत एक पिपाणी. पुण्याहून संगमनेरमार्गे निघालो. वाटेत नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला आणि त्याच्या आसपास जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 छत्र्या आहेत, आणि त्याच पट्ट्यात आर्वीला 1971 मध्ये भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. एवढ्या मोठ्या मंडळींच्या शेजारून आपण 60 सेंटीमीटरची छत्री लावायला चाललोय याचं मला फार कौतुक वाटत होतं. असो.

गणित मी आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं. फ्री डिश जीसॅट-15 वर आहे, 93.5 अंश पूर्व. शिर्डीहून हा उपग्रह उत्तरेपासून साधारण 134 अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून 58 अंश वर. (छत्री ऑफसेट असते, त्यामुळे ती दिसताना त्यापेक्षा बरीच उभी दिसते. हे माहीत नसलेला माणूस तिला आभाळाकडे आडवी पाडतो. मी नाही पाडली, एवढं श्रेय मला द्या.) फोनमधला होकायंत्र शेजारच्या कॉलमच्या सळयांमुळे दर दोन पावलांना नवं उत्तर दाखवत होता. पण म्हटलं, काळजी कशाला, मीटर आहे की!

मीटर जोडलं. बटण फिरवलं. काटा पूर्ण उजवीकडे, पिपाणी चालू. छत्री हलवली तरी पिपाणी चालू. भिंतीकडे केली तरी चालूच! बटण जास्त पिळलं होतं. ते कमी केल्यावर काटा शहाण्यासारखा वागायला लागला. एका जागी मस्त चढला. नट आवळले, धावत खाली गेलो. स्ट्रेंग्थ 85, क्वालिटी शून्य. पडदा काळा. आजी म्हणाली, "झालं का रे?"

नाही झालं. दोन तास नाही झालं. केबलची टोकं नव्याने सोलली, कनेक्टर बदलले, एलएनबी थोडी पिळून पाहिली. दर वेळी काटा त्याच जागी फुल आणि खाली क्वालिटी शून्य. शेवटी मी मामांना सांगितलं की बॉक्सच गेलाय. आपलं चुकत असेल ही शक्यता इंजिनिअरच्या यादीत शेवटून पहिली असते.

झालेलं असं, की 93.5 च्या शेजारी फक्त दीड अंशावर, 95 पूर्वेला, एका खासगी डीटीएचवाल्याचा उपग्रह आहे. मी त्याच्यावर जाऊन बसलो होतो. 60 सेंटीमीटरच्या छत्रीची नजर असते सुमारे तीन अंश रुंद, त्यामुळे शेजारी-शेजारी बसलेल्यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. आणि हे काट्याचं मीटर करतं काय, तर एलएनबीकडून येणारी सगळी पॉवर एकत्र मोजतं. कुठला उपग्रह, त्यावर आपल्या कामाचं काही आहे का, हे ते बघतच नाही. गरम भिंतही त्याच्या लेखी सिग्नलच. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस शिर्डीत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर जीसॅटच्या मागे येतो. तेव्हा चित्र जातं, पण काटा उलट वर चढतो!

माझं मत असं, की या वस्तूला 'फाइंडर' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. ती काही शोधत नाही. अनुभवी हातात ती उपयोगी आहे हे मान्य. नट आवळताना कुठे जरा जास्त मिळतं ते पटकन कळतं. पण नवशिक्याला ती चुकीच्या जागी खात्री देते, आणि खात्री मिळाली की माणूस शोधणं थांबवतो. मीटर नसतं तर मी अर्ध्या तासात टीव्ही वर नेला असता.

आणि हे फक्त गच्चीवरचं नाही हो. रामनवमीला शिर्डीत मोबाइलच्या कांड्या भरलेल्या असतात आणि फोन लागत नाही. आमच्याकडे एका रात्री चाळीस मिनिटं डॅशबोर्ड हिरवागार होता, सर्व्हर इमानेइतबारे 200 ओके देत होता आणि ग्राहकाला कोरं पान दिसत होतं. आम्ही बघत होतो तो हिरवा रंग. पान उघडून कुणीच बघितलं नव्हतं. त्या पोराचं म्हणणं दुसरं काय होतं? टीव्ही वर आणा, म्हणजे चित्र बघून लावतो. ही अडाणी पद्धत नाही. जे हवंय तेच मोजायची पद्धत आहे. आपण मात्र माणसाची पारख त्याच्या हातातल्या यंत्रावरून करतो. गळ्यात मीटर अडकवून आला असता तर मामांनी त्याला चहा दिला असता.

संध्याकाळी मीच त्याला फोन केला. आला बिचारा, राग न धरता. मामांच्या ऑफिसातला छोटा टीव्ही वर नेला, सिग्नलचं पान उघडलं आणि क्वालिटीच्या पट्टीवर डोळा ठेवून छत्री उजवीकडे बोटभर सरकवली, किंचित उचलली. प्रत्येक हालचालीनंतर तीन-चार सेकंद थांबायचा, कारण बॉक्सला पकडायला तेवढा वेळ लागतो. मी एवढा धीर धरलाच नव्हता. दहा मिनिटांत क्वालिटी 70.

माझं मीटर त्याने हातात घेऊन बघितलं. "चांगलंय सर. पण याला आहे का नाही एवढंच कळतं. कोणतंय ते नाही कळत."

मामांनी मागच्या खेपेचे धरून पाचशे दिले, चहाही झाला. मीटर मी त्यालाच देऊन टाकलं. त्या दिवशी मी फोनवर काय बोललो होतो, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही. मामांनीही नाही.