हिरो आला, पण भांडी कोण घासणार?

परदेशात राबणारी बाई हिंदी पडद्यावर दिसली की समजायचं, मागून हिरो येतोय. २०१४ साली इराकात तिक्रितच्या लढाईत आपल्या ४६ नर्सेस अडकल्या. २०१७ च्या ‘टायगर जिंदा है’नं त्याचा मसाला केला. सलमान खान मशिनगन चालवतो आणि गोदीत आम्ही पेट्या उतरवतो तशा नर्सेस उतरवून घेतल्या जातात. पेटीला कुणी विचारत नाही, बाई, का आलीस? त्याच साली आलेल्या मल्याळी ‘टेक ऑफ’नं निदान तिच्या डोक्यावरचं कर्ज दाखवलं.

आणि मराठी बाई? ‘इंग्लिश विंग्लिश’मधली (२०१२) शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते, ती भाचीच्या लग्नाला. तिचं दुःख खोटं नाही. पण आखातात दुसऱ्याची धुणीभांडी करणारीकडं हा कॅमेरा वळत नाही.

१९६६ साली सेनेगलच्या उस्मान सेम्बेननं ‘ब्लॅक गर्ल’ काढला. हा माणूस मार्सेयच्या गोदीत ओझी उचललेला. आमच्याच बिरादरीचा. त्याच्या दिऊआनाला पोरं सांभाळायला म्हणून डाकारहून फ्रान्सला नेतात आणि रांधणं, धुणं, झाडणं सगळं तिच्या गळ्यात मारतात. ती मालकापुढं गप्प. पण तिच्या मनातलं आपण ऐकत राहतो. सोडवायला कुणी येत नाही. ती न्हाणीघरात जीव देते. मालक तिचा पगार घेऊन डाकारला येतो, तर माय त्या पैशाला हात लावत नाही. बस्स. एक गोळी नाही, एक गाडी उडत नाही, तरी मालकाची मान खाली जाते.

आपल्याकडं काय? दहावी पासला परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागत नाही. न शिकलेल्या बाईला मात्र तिशीच्या आत आखातात घरकामाला जायची मंजुरी देऊ नये, असा नियम झाला. म्हणे संरक्षण! नियमानं पोट थांबतं काय? मग एजंट तिला टुरिस्ट व्हिसावर चढवतो, आणि तिथं मार खाल्ला तर ती कामगार म्हणून कुठल्याच कागदावर नसते. मशिनगनच्या सिनेमात हा हिशेब मावत नाही.

तेव्हा नशिराबादच्या, जळगाव-भुसावळच्या पोरांनो, खिशातल्या मोबाईलला कॅमेरा आहे. जाऊन आलेल्या बाईपुढं बसा. ती हो म्हणाली तरच चालू करा. विचारा : एजंटनं किती घेतले? पासपोर्ट कुणाच्या कपाटात होता? दिवसाचे तास किती, हातात पडले किती? तिचे अश्रू विकायला बाजार बसलाच आहे. तुम्ही तिचा हिशेब दाखवा.