सोन्याला कात्री हवीच

इंग्लंडच्या उपनगरांत घरापुढे जी पिवळीधमक कुंपणं दिसतात, ती पुष्कळदा सोनेरी प्रिव्हेटची असतात. झुडूप मूळचं जपान-कोरियाकडचं. पण शहरी धुराला दाद देत नाही, म्हणून तिकडे रुजलं. पानाच्या कडा सोनेरी, मधोमध हिरवा डाग. उन्हात रंग चढतो, सावलीत उतरतो. उघड्या मुळांची रोपं हिवाळ्यात फूटभर अंतराने लावायची आणि लगेच निम्मी छाटायची. जिवावर येतं, पण त्याशिवाय ती बुंध्यापासून फुटत नाहीत. पुढे उन्हाळ्यात दोन-तीनदा कात्री फिरवायची. तळ रुंद, माथा निमुळता ठेवला की खालच्या पानांनाही ऊन मिळतं. कात्री फिरवण्याआधी आत पाखराचं घरटं नाही ना, हे बघायचं. वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं तिथे १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. खरी नजर ठेवायची ती निव्वळ हिरव्या फांदीवर. तिच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून वाढीचा जोरही जास्त. शेंडा खुडून भागत नाही, फुटली तिथूनच ती काढावी लागते. तिच्याकडे काणाडोळा केलात, तर सोनेरी कुंपण हिरवं झालंच म्हणून समजा.