नव्या क्लचचे पहिले ८०० किलोमीटर

तुमची लाडकी स्पोर्ट्स कार गॅरेजमधून परत आली आहे. गिअरबॉक्स उतरवून नवा क्लच बसवलाय. बिल पाहून तुमचे डोळे पांढरे झालेत. चावी देताना मेकॅनिक एवढंच म्हणाला, "पहिले ५०० किलोमीटर जरा सांभाळून चालवा." सांभाळून म्हणजे नेमकं कसं, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग बरेच जण काय करतात? रविवारी पहाटे उठून हायवे गाठतात. टॉप गिअरमध्ये आरामात अडीचशे किलोमीटर जातात, तितकेच परत येतात आणि म्हणतात, झाले ५०० पूर्ण! गफलत होते ती इथेच. एवढं अंतर कापूनही क्लच जवळपास होता तसाच कोरा राहिलेला असतो.

आत काय चालतं?

इंजिनाला जोडलेलं एक जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. दुसऱ्या बाजूने स्प्रिंगच्या जोरावर दाबणारी प्रेशर प्लेट असते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट चिमटीत धरल्यासारखी बसते. पेडल दाबलं की चिमटी सैल होते, सोडलं की घट्ट. एकदा पकड पूर्ण बसली, की तिन्ही भाग एकसाथ फिरतात आणि एकमेकांवर घासत नाहीत. म्हणजे एकाच गिअरमध्ये तासभर गेलात, तर तेवढा वेळ क्लचला काही कामच नसतं. तो घासतो फक्त गाडी जागेवरून निघताना आणि गिअर बदलताना. म्हणून अंतरापेक्षा क्लच किती वेळा सुटला आणि बसला, हे महत्त्वाचं.

पण नवा क्लच घासायचा तरी कशाला? कारण नवे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी त्यांवर बारीक उंचवटे असतात. सुरुवातीला फक्त हे उंचवटेच एकमेकांना टेकतात. सगळा भार आणि सगळी उष्णता तेवढ्याच जागेवर येते. हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा वापर झाला, की उंचवटे झिजून पूर्ण पृष्ठभाग टेकू लागतो. घाई केली तर प्लेटवरचं अस्तर जळतं, त्यावर काचेसारखी चकाकी येते आणि पकड कायमची कमी होते. नव्या बिडाच्या तव्यावर आपण पहिल्याच दिवशी मोठ्या आचेवर डोसे घालतो का? आधी तेल लावून, मंद आचेवर तो मुरवतो. क्लचचंही तसंच आहे.

स्पोर्ट्स कारला जास्त जपायचं का?

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १०० न्यूटन मीटर असतो. मॅन्युअल गिअरच्या बीएमडब्ल्यू एम२ मध्ये तो ५५० आहे. क्लचवर येणारा ताण किती वाढतो, बघा. शिवाय उष्णतेचं गणितही क्रूर आहे. २००० आरपीएमऐवजी ४००० वर रेस धरून क्लच सोडला, तर गाडीने वेग पकडेपर्यंत क्लचमध्ये जवळजवळ चौपट उष्णता तयार होते. सिग्नलवर शेजारच्या गाडीला दाखवण्यासाठी मारलेली एक झेप, आणि महिन्याचं बजेट पुन्हा गॅरेजमध्ये!

मग चालवायची कशी?

सर्वप्रथम मोकळ्या मैदानात दहा मिनिटं घालवा. नवा क्लच आधीपेक्षा वेगळ्या जागी पकडतो, पेडलही हलकं वाटू शकतं. पायाला ती जागा कळू द्या.

पुढचे ५०० ते ८०० किलोमीटर शहरातच फिरा, पण वाहत्या रस्त्यांवर. सिग्नल, वळणं, गिअर बदल हवेत. इंचाइंचाने सरकणारी कोंडी मात्र टाळा, कारण तिथे आपण नकळत हाफ क्लचवर गाडी रांगवत राहतो.

निघताना रेस कमी ठेवा. गाडी हलली की क्लच पूर्ण सोडा आणि पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. टर्बो इंजिन असेल तर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम जोर मागू नका.

चढावर गाडी थांबवून धरायला हँडब्रेक आहे, क्लच नाही. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढणं ही तर नव्या क्लचची सर्वात कठीण परीक्षा. काही दिवस गाडी वरच लावता आली तर उत्तम.

क्लच साधा नसून केव्हलार किंवा सिरॅमिक अस्तराचा असेल, तर बनवणाऱ्या कंपनीच्या सूचना पत्रकात दिलेलं अंतरच पाळा.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घासून घेतला की बदलला? रिलीज बेअरिंग नवं टाकलं का? प्रेशर प्लेटवरचं गंज रोखणारं तेल पुसलं का? इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळत नाही ना? यातलं एक जरी राहिलं, तरी तुम्ही कितीही जपून चालवा, क्लच नीट बसणार नाही.

सुरुवातीला थोडासा वास येऊ शकतो. पण वास उग्र असेल तर गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये टाका आणि थंड होऊ द्या. निघताना गाडी सतत थरथरत असेल, किंवा आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर अजून थोडं चालवून बघू, असं म्हणू नका. तडक गॅरेज गाठा.

आणि हे सगळं घरातल्या प्रत्येकाला सांगा. तुम्ही महिनाभर जीवापाड जपलेला क्लच हॉटेलबाहेरचा पार्किंगवाला किंवा उत्साही भाचा पाच मिनिटांत जाळू शकतो. या काळात चावी स्वतःच्याच खिशात असलेली बरी.

८०० किलोमीटर झाल्यावरही पहिल्याच दिवशी ट्रॅकवर जाऊ नका, जोर हळूहळू वाढवत न्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं व्हायला नको. वेगासाठीच घेतलेली गाडी काही आठवडे सिग्नल ते सिग्नल चालवायची, हे जिवावर येईल खरं. पण पुढची कित्येक वर्षं तुम्ही पाय उचलाल आणि गाडी हवी तशी झेपावेल, ती याच आठवड्यांच्या जोरावर.